लाल दोऱ्याची बाटली

माझ्या स्वभावाला घरात एकच नाव आहे, संशयी. मला ते मान्य नाही. कापड स्वतः मोजून घेणारी बाई संशयी नसते, शहाणी असते. दुकानदाराने मीटरमागे दोन बोटं कमी दिली तर मला कळतं. बॉबिनीवरचा दोरा माझ्या पाठीमागे कुणी वापरला तर कळतं. आणि खोबरेल तेलाची बाटली रोज अर्धं बोट उतरते आहे, हेही मला कळलं.

घरात माणसं तीन. मी कपडे शिवते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. आमचे हे शिलाई मशिनींचे मिस्त्री. चाळीस वर्षं लोकांच्या दारोदार जाऊन मशिनी उघडल्या. आताशा लोकच मशीन आणून देतात आणि हे दुकानाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून दुरुस्त करतात. तिसऱ्या आमच्या नणंदबाई. नवरा गेल्यावर चार दिवस म्हणून आल्या, त्याला दीड वर्ष झालं. काज करतात, बटणं लावतात, हातशिलाई करतात. काम चोख आहे, खोटं कशाला बोलू. पण तेल!

केसांना सगळेच लावतात. ह्या बाई टाचांना लावतात, कोपरांना लावतात, ओठांना लावतात. आंघोळीच्या आधी अंगाला चोळतात आणि आंघोळ झाल्यावर वरून पुन्हा बोटभर. नव्या डब्यावरचं लेबल निघत नाही? खोबरेल. कात्रीला गंज चढला? खोबरेल. बोटात अंगठी अडकली, चप्पल कडक झाली, टेबल निस्तेज दिसलं, भाजलं, खरचटलं, पाय मुरगळला, सगळ्याला उत्तर एकच. एकदा गिऱ्हाइकाच्या पँटची चेन अडकली, तर तिलाही तेच लावलं. चेन सुटली, पण पँटवर कोटाच्या बटणाएवढा डाग पडला. चेनला मेणबत्ती घासायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी बोलले तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "पण सुटली की नाही, वहिनी?"

तेव्हापासून मी त्या बाटलीवर पाळत ठेवली. स्वयंपाकघरातली बाटली उचलून दुकानातल्या फळीवर आणली, अगदी माझ्या हाताशी. त्या फळीवर मशीनच्या तेलाची बाटली आधीपासून होती. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच, कारण मशीनचं तेल मी डब्याने आणते आणि खोबरेलाच्या रिकाम्या बाटल्यांत भरते. दोन्हींच्या झाकणांना गरम सुईने भोक पाडते, म्हणजे तेल थेंबाथेंबानेच येतं आणि सांडत नाही. घोटाळा होऊ नये म्हणून गळ्यात दोरे बांधलेले, खोबरेलाला लाल, मशीनला काळा. आमच्या घरात सगळ्या वस्तूंची ओळख दोऱ्यावरून असते, टॉवेलसुद्धा. वर आणखी खोबरेलाच्या बाटलीला तेलाच्या पातळीवर एक पांढरा दोरा गुंडाळला. आता उचला म्हटलं तेल, बघतेच.

तीन दिवसांत तेल पांढऱ्या दोऱ्याच्या दीड बोट खाली गेलं.

"वन्सं, तेल फार लागतंय हल्ली," मी म्हटलं.

"मी तर तुमच्याकडून मागून घेते, वहिनी. सकाळी एवढंसं." त्यांनी तळहातावर कडधान्याच्या दाण्याएवढी जागा दाखवली.

चेहरा बघा तर काय भोळा. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा.

त्यात आणखी एक गोष्ट. भावाबहिणीचं काहीतरी शिजत होतं. दर मंगळवारी दोघं बाहेर जायची. कुठे, तर म्हणे पाय मोकळे करायला. चाळीस वर्षांत ह्या माणसाला माझ्याबरोबर कधी पाय मोकळे करावेसे वाटले नाहीत! परत आले की ह्यांचे डोळे लाल आणि रुमाल डोळ्याला. "धूळ गेली." दर मंगळवारी धूळ? एकदा मी मागच्या खोलीत अचानक गेले तर हे मान वर करून बसलेले आणि बाई त्यांच्यावर वाकलेल्या. मला बघून दोघं अशी दचकली जशी काही मी पोलीसच. बाईंनी मुठीत काहीतरी लपवलं. त्या ह्यांना सुईत दोरा ओवून द्यायच्या, चहाचा कप हातात नेऊन द्यायच्या. ह्यांनी पेपर वाचणं सोडलं होतं, तर त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, भावाला लोणी लावणं चाललंय. पुढच्या खोलीतली मशीन आपल्या ताब्यात घ्यायची असेल, दुसरं काय.

थंडी पडली आणि माझी मशीन बिघडली.

सकाळी बसले की पायडल जड. चाक हाताने ढकलावं लागे. सुई वर जायची ती वरच राहायची, खाली यायला तयारच नाही. दुपारपर्यंत सुरळीत, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. नेमकी त्याच आठवड्यात एका दवाखान्याच्या चाळीस पांढऱ्या कोटांची ऑर्डर होती, शनिवारी द्यायची. हे म्हणाले, "थंडीने जरा आखडली असेल, मी तेल देतो." मशीनला तेल द्यायचं काम ह्यांचंच. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी दुकान बंद करताना माझ्या मशीनला हेच तेल देतात. फुलं बिलं कधी दिली नाहीत, तेल मात्र एक दिवस चुकवलं नाही. त्या आठवड्यात तर जास्तच देत होते. तरी सकाळी मशीन आदल्या दिवसापेक्षा जड.

बुधवारी तेराव्या कोटाच्या बाहीवर तेलाचा डाग पडला. मी बाही नाकाशी नेली. खोबरेल!

ह्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ह्यांचं नाक चाळीस वर्षं रॉकेलात मशिनी धुऊन केव्हाच मेलंय. शेगडीवर दूध करपलं तरी शेजारी बसून गाणं गुणगुणतील. शिवाय हे तेव्हा समोर केस कापायला गेले होते. मी मशीनचं डोकं मागे कलंडवलं आणि आत बघितलं. शटलच्या खाचेत, सांध्यांत, तेलाच्या प्रत्येक भोकात पांढरा गोठलेला थर. बोटाने उकरला, बोटाच्या उबेने लगेच पातळ झाला. खोबरेलच.

आता हे काय असतं ते मला कुणी सांगायला नको. "यंत्राला खोबरेल म्हणजे विष," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाने मशीन आणली आणि तिला खोबरेलाचा वास आहे असं मी सांगितलं, की हे त्या माणसाला उभ्या उभ्या झापायचे. "केसांना लावा, पोळल्यावर लावा, तळण तळा, पण मशीनला नाही! थंडी पडली की गोठतं, जुनं झालं की चिकटा धरतो." म्हणजे जगात एक माणूस असा की जो माझ्या मशीनला खोबरेल घालणं शक्यच नाही, तो माझा नवरा. मी घालणार नाही. राहिलं कोण?

मी हाक मारली. बाई हातातला काज तसाच धरून आल्या.

"हे काय आहे?" मी पांढरं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी बोटाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग फळीकडे. आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझी खात्रीच पटली.

"मशीनमध्ये खोबरेल कुणी घातलं, वन्सं? मला सरळ सांगा. तुम्ही असाल तर रविवारी तुमची सोय थोरल्या भावजींकडे. मग मी कुणाचं ऐकणार नाही."

थोरल्या दिरांच्या घरी काय सोय आहे ते मला माहीत होतं. दोन खोल्या, सात माणसं, आणि थोरल्या जाऊबाई अशा की पाहुण्याच्या ताटात वाढताना भाताची शितं मोजतील. दीड वर्षापूर्वी बाई तिथून बारा दिवसांत निघून आमच्याकडे आल्या होत्या, हातात एक बॅग आणि वजन उतरलेलं. तरी मी ते बोलले. राग आला की मी पुढचं मागचं बघत नाही.

बाईंनी हातातला काज खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मीच घातलं, वहिनी."

"का?"

"जड चालत होती, म्हटलं तेल द्यावं. चुकलं माझं. जाईन मी रविवारी. फक्त दादाला ह्यातलं काही सांगू नका. त्याच्यासमोर मशीनचा विषयच काढू नका. एवढं करा."

बस. झालं. चोर सापडला, गुन्हा कबूल. मी रॉकेल घेऊन मशीन धुवायला बसले. आणि धुता धुता माझा हात थांबला.

एक तर बाई फार लवकर कबूल झाल्या. पँटच्या डागावरून माझ्याशी अर्धा तास वाद घालणारी बाई घर जायची वेळ आली तर हूं की चूं करत नाही? दुसरं म्हणजे मशीनचं डोकं कसं कलंडवतात ते त्यांना येतच नाही. त्यांनी आयुष्यात फक्त हातसुई धरली आहे. वरच्या दोन भोकांत तेल ओतलं असं समजू, पण शटलच्या खाली? मागच्या दांड्याजवळचं ते भोक, जे आरशाशिवाय दिसत नाही आणि ज्यात तेल द्यायचं असतं हेही शंभरातल्या नव्वद शिंपिणींना माहीत नसतं? तिथेही खोबरेल होतं. मोजून दोन थेंब घातलेले.

म्हणजे बाईंना हे कुणीतरी शिकवलं होतं. माझा संशय आता दोघांवर गेला. माझीच मशीन, माझ्याच घरात, आणि नवरा बहिणीला सामील! का, ते मला कळेना, पण कारण लागतं कशाला. त्या संध्याकाळी मी मशीनवर कापड झाकलं आणि सांगून टाकलं, "आज कुणी हिला हात लावायचा नाही. फळीलाही नाही." नंतर जेवणं होईपर्यंत मी भावाबहिणीच्या मधे ठाण मांडून बसले. दोघांना एक शब्द बोलायला सवड दिली नाही. बाई दोनदा म्हणाल्या, "दादा, जरा इकडे येतोस?" दोन्ही वेळा मीच उठून गेले.

गुरुवारी सकाळी थंडी अशी की फरशीवर पाय ठेववेना. मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. उजाडलं होतं, दुकानात खिडकीतून चांगला प्रकाश येत होता. ह्यांना मशीनची काळजी लागून राहिली असावी, कारण हे माझ्याआधीच दुकानात होते. मी हाक मारली नाही. म्हटलं, बघू या मिस्त्रींचे उद्योग.

ह्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवत फिरवत मशीन गाठली. माझ्या मनात आलं, असा काय चालतोय हा माणूस, अंधार आहे का? ह्यांनी कापड काढलं, डोकं कलंडवलं, बोटांनी एकेक भोक चाचपलं. मग हात फळीकडे गेला आणि डावीकडची बाटली ह्यांनी उचलली. लाल दोऱ्याची.

थंडीने बाटलीतलं खोबरेल पूर्ण गोठलं होतं. मेणासारखं पांढरं, घट्ट. आठ पावलांवरून ते मला दिसत होतं. ह्यांनी ती बाटली भोकावर उलटी धरली आणि थांबले. काही पडलं नाही. ह्यांनी बाटली झटकली, पुन्हा धरली आणि कान देऊन थांबले.

मी जवळ गेले. चहाचा कप माझ्या हातात होता, तो मी कुठे ठेवला ते आजही आठवत नाही.

"काय करताय?"

हे दचकले नाहीत. "अगं, हिला कोरडी ठेवून भागत नाही. थोडं तेल देतो."

"तेल कसं आहे?" मी विचारलं.

ह्यांनी बाटली माझ्यापुढे उजेडात धरली, स्वतःच्या डोळ्यांसमोर. "पाण्यासारखं स्वच्छ आहे. झाकणाचं भोक बुजलंय बहुतेक. सुई दे जरा."

मी ह्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते, पण नेम जरा चुकलेला, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी.

मला एकेक गोष्ट मागून येऊन धडकायला लागली. मंगळवार. लाल डोळे. वर केलेली मान, मुठीत लपवलेलं काहीतरी. पेपर. ओवून दिलेली सुई. गेले पंधरा दिवस ह्यांच्या उशीला मशीनच्या तेलाचा वास येत होता आणि मी म्हणत होते, त्यात नवं काय, मिस्त्रीच्या उशीला अत्तराचा येणार का! हे रोज सकाळी मशीनचं तेल डोक्याला थापत होते. कारण फळीवर डावीकडे कायम मशीनचं तेल असायचं. पाळत ठेवायला सोपं जावं म्हणून ती जागा मी खोबरेलाला दिली होती आणि मशीनचं तेल उजवीकडे सरकवलं होतं. दोरे बांधले होते, लाल आणि काळा, ज्याला रंग दिसतात त्याच्यासाठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक माझ्यासारखीलाच म्हणत असतील.

"आणा इकडे ती," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "बुजलीय ती. ही घ्या." आणि उजवीकडची बाटली ह्यांच्या हातात दिली.

मागच्या खोलीत बाई खाली बसून भरलेल्या बॅगेची चेन लावत होत्या. रविवारला तीन दिवस होते, पण मानी माणूस आधीच भरून ठेवतं. माझ्या हातातली लाल दोऱ्याची बाटली बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्या खाली बसल्या. "दोन महिने झाले. काचबिंदू आहे म्हणे. एक डोळा गेलाच. दुसऱ्यात थोडं दिसतं, समोरचं माणूस आहे एवढं कळतं. ते टिकवायला थेंब आहेत, दर मंगळवारी तपासायला नेते. दादाने मला शपथ घातली होती, वहिनी. म्हणतो, हिला कळलं तर मला खुर्चीत बसवेल आणि मशीनला हात लावू देणार नाही."

ह्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. खरंच लावू दिला नसता. चूक माझी, शिक्षा बाईंना, आणि त्या ती घेऊन निमूट बॅग भरत होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला माफी मागता येत नाही. आईने शिकवली नाही आणि पुढे कधी जमली नाही. मी बॅगेकडे बोट करून म्हटलं, "उघडा ती बॅग. कपडे जागेवर लावा."

बाईंनी चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. त्या ओढतायत, मी ओढतेय, दोघींच्या डोळ्यांत पाणी आणि चेन ढिम्म हलेना. शेवटी मी बाटलीचं झाकण काढलं, बोटाने पांढरा गोळा उकरला आणि चेनच्या दातांवर चोळला. चेन सुटली. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते.

दुपारी मी बटणांचा डबा काढला. मशीनच्या तेलाच्या बाटलीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यावर कोटाचं मोठं, चार भोकांचं बटण बांधलं. खोबरेलाला लहान, दोन भोकांचं, आणि ती बाटली परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. पातळीचा पांढरा दोरा तोडून टाकला. ह्यांना काही सांगितलं नाही. सांगायला बसले असते तर रडले असते, आणि सत्तावीस कोट अजून बाकी होते.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी हे उठले. टेबलाच्या कडेने आले. मी मशीनसमोरच बसले होते, जागेवरून हलले नाही. ह्यांनी हात फळीकडे नेला, बाटली धरली, आणि अंगठा बटणावर येऊन थांबला.

 मग नखाने ह्यांनी बटणाची भोकं मोजली, एक, दोन, तीन, चार.

"चार मशीनचं," मी म्हटलं. "दोन भोकांचं खोबरेल. ते आत ठेवलंय."

 बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कधी कळलं तुला?" हे म्हणाले.

"आज सकाळी."

"आज?" ह्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "तुझी नजर एवढी तिखट. मी दोन महिने वाट बघत होतो, आज पकडशील, उद्या पकडशील. मग वाटलं, तू माझ्याकडे बघतच नाहीस."

खरं होतं ते. मी तेलाकडे बघत होते.

मी मशीनवरचे हात काढून मांडीवर ठेवले. ह्यांनी डोकं कलंडवलं, बोटाने पहिलं भोक शोधलं, मग दुसरं, मग ते मागच्या दांड्याजवळचं, आरशाशिवाय न दिसणारं. माझ्या डोळ्यांना ते अजूनही चटकन सापडत नाही. ह्यांनी तिथे मोजून दोन थेंब घातले आणि चाक फिरवून बघितलं.

"हलकी झाली?" हे म्हणाले.

"झाली," मी म्हटलं, आणि उद्याही तेल तुम्हीच द्यायचं असं सांगितलं.